आई, त्या रात्री फोन मी कट केला होता

आई-बाबांना सप्रेम सलाम.

हे व्हॉट्सअॅपवर टाकतेय, दादाच्या पोरीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून अजून पाणी येतं म्हणे, तर मोबाईलला डोळे लावून बसू नका.

आई, तुला आठवत असेल, जुलैमध्ये एका रात्री तू फोनवर म्हणालीस "प्रभूवर भरवसा ठेव, सगळं ठीक होईल" आणि फोन बंद झाला. नंतर मी रेंज गेली म्हणून सांगितलं. रेंज गेली नव्हती, मीच कट केला होता. तेव्हा छकुली तीन दिवसांची होती, तिसाव्या आठवड्यात झालेली, ११८० ग्रॅम. काचेच्या पेटीत, नाकात नळी, पायाला वायर, आणि मी बाहेरच्या बाकड्यावर. प्रितमचं कॉन्ट्रॅक्ट मे महिन्यातच संपलेलं, सातपूरला रोज दोन-तीन कंपन्यांच्या गेटवर चकरा मारून तो संध्याकाळी यायचा आणि पहिलं काय विचारायचा तर आज बिल किती झालं. अशात "सगळं ठीक होईल" ऐकलं आणि डोकंच फिरलं माझं. मनात आलं, आईला काय माहीत. आज लिहिताना लाज वाटते, कारण तुला माहीत नाही असं कुठलं दुःख होतं? दादाच्या आधीचं बाळ तू तीन महिन्यांचं असताना मातीला दिलंस.

त्या दिवसांत मी प्रार्थना करत नव्हते, हे पण खरं सांगते. तोंडातून शब्दच निघायचा नाही. देवाशी बोलायचं म्हणलं तर फक्त भांडण यायचं आणि भांडायची भीती वाटायची, की आपण काही वेडंवाकडं बोललो आणि बाळाला काही झालं तर. पाळकसाहेब हॉस्पिटलला आले होते, त्यांना हे सांगितलं. मला वाटलं समजावतील, पण ते काहीच बोलले नाहीत, पवित्र शास्त्र उघडून ८८ वं स्तोत्र वाचलं. बाबा, तुम्ही वाचलंय का ते नीट? दुसऱ्या स्तोत्रांत आधी रडणं असतं आणि शेवटाला आनंद येतो ना, तसं यात नाहीच, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच आहे. पाळकसाहेब म्हणाले, "हे पण शास्त्रातच आहे, कोणी काढून नाही टाकलं." एवढंच म्हणून गेले. त्या रात्री मी पहिल्यांदा देवाशी भांडले. भरपूर भांडले. आणि भांडायला समोर कोणीतरी आहे हे मला त्या भांडणातच जाणवलं, तोपर्यंत मी भिंतीशीच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस. पहिल्या एसटीने, नाशिकला द्वारका चौकात उतरून रिक्षा करून, पावसात अर्धी भिजलेली. मी कट केलेल्या फोनबद्दल तू एक शब्द विचारला नाहीस. डबा उघडलास, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी. भाकरी मोडून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, खा आधी. मग म्हणालीस, झोप आता, मी बसते इथे. मी त्या बाकड्यावर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तीन तास झोपले, त्याच्या आधी किती दिवस झोपले नव्हते कुणास ठाऊक.

नंतर घरी आल्यावर १ राजे १९ वाचनात आलं आणि मी हुंदके देऊन रडले. एलीया झुडपाखाली पडलाय, देवाला म्हणतोय बास आता, मला मरू दे. देवाने त्याला ना उपदेश केला ना तुझा विश्वास कमी पडला म्हणाला. दूत पाठवला, त्याने उठवलं आणि म्हणाला, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि उशाशी पाणी. तो खाऊन परत झोपला, तर परत उठवून परत खाऊ घातलं, म्हणाला पुढे रस्ता लांब आहे. रविवारच्या शाळेत हे कितीदा ऐकलं असेल, पण तेव्हा लक्षात राहिलेला सगळा वारा, भूकंप, अग्नी. भाकर कधी दिसलीच नव्हती. आई, माझ्याकडे तर देवाने तुलाच पाठवलं होतं, शेपूची भाजी घेऊन.

त्यानंतर मी रोजचं रोज जगायला शिकले. पेटीवर कागद लावलेला असायचा, सिस्टर रोज वजन लिहायच्या. ११८० चं १०६० झालं तेव्हा मी खचलेच, पण त्यांनी सांगितलं की सगळीच बाळं सुरुवातीला उतरतात. मग १०७५, १०९०. कधी वीस ग्रॅम वाढायचं, कधी पाच. दर दोन तासांनी नळीतून दोन-दोन एमएल दूध. आणि इतक्या लवकर झालेली बाळं मधेच श्वास घ्यायची विसरतात, मॉनिटर ओरडायला लागतो, तेव्हा सिस्टर पळत यायच्या आणि छकुलीच्या तळपायाला बोटाने हळूच टिचकी मारायच्या. की लगेच छाती हलायची. मी ते किती वेळा बघितलं असेल. रोमकरांस पत्रातलं ते आहे ना, संकटाने धीर, धीराने शील, शिलाने आशा, ते बाबा तुम्ही आम्हाला पाठ करून घेतलं होतं. मला वाटायचं, आशा आधी लागते आणि मग माणूस धीर धरतो. पौल उलटं लिहितो, आणि खरंच उलटंच झालं, आशा शेवटी आली, तीसुद्धा पाच-पाच ग्रॅमने.

शेजारच्या वहिनींनी नाशिकरोडला बाळ येशूच्या मंदिरात मेणबत्ती लावली, त्यांच्या घरात गणपती बसतो तरी. प्रितमच्या मित्राने बिलाला उसने दिले. एका माणसाने काउंटरवर फार वाईट शब्द वापरले ते मात्र अजून विसरले नाही, क्षमा करायचा प्रयत्न चालू आहे.

परवाच्या रविवारी उपासनेनंतर शरणपूरच्या चर्चच्या आवारात थोडा वेळ बसले. बाबा, लहानपणी तुम्ही सांगायचात ते आठवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं मिशनऱ्यांनी इथे आणून वाढवली, आईबाप नाहीत, भाषा नाही, गाव म्हणून फक्त शरणपूर. त्यातलाच तो जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तर जेकबने तिथे प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि लिव्हिंग्स्टनच्या सोबतच्या सगळ्यांनी मिळून तो देह दीड हजार किलोमीटरच्या वर खांद्यावर वाहून समुद्रापर्यंत आणला. आठ-नऊ महिने लागले. शरणपूरच्या त्या पोरांचे आईबाप लहानपणीच सुटले होते, याचा मी आधी विचारच केला नव्हता. तरी दुसऱ्याला इतकं लांब वाहून न्यायचं बळ त्यांच्यात आलं.

बाबा, तुमचं पण बहात्तरच्या दुष्काळाचं आठवलं, आजी दिवसभर खडी फोडायची आणि हातात सुकडी मिळाली की आधी डोळे मिटून आभार मानायची, मग तुम्हाला घास भरवायची. त्या सुकडीसाठी कसले आभार, असं मला लहानपणी वाटायचं. आता नाही वाटत.

तर छकुली ४३ दिवसांनी घरी आली, १७२० ग्रॅमची. आता अडीच किलोला थोडं कमी आहे. डोळ्यांच्या पडद्याची एक तपासणी झाली, दुसरी या मंगळवारी आहे, डॉक्टर म्हणाले रक्तवाहिन्या अजून पूर्ण वाढल्या नाहीत, बघावं लागेल. प्रितमला अजून कायमचं काम नाही, अंबडला एका ठिकाणी पंधरा दिवसांच्या बोलीवर जातोय. मला भीती वाटते, आई. रोज रात्री वाटते. पण आता मी भीती वाटली की ती तशीच देवाला सांगते, आणि मग दूध पाजायला उठते.

मंगळवारी सकाळी अकराला नंबर आहे, तेव्हा दोघं प्रार्थनेत आठवण ठेवा. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. आणि आई, पाऊस उघडला की ये चार दिवस. बाजरीचं पीठ इथे तुझ्यासारखं मिळत नाही, येताना दोन किलो आण.

तुमची
बेबी