बेंतियूच्या प्रयोगशाळेतून आईला

बेंतियू, दक्षिण सुदान

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तज्ज्ञ तिकडे नाही, मग नुसत्या फोटोवरून रोग कसा ओळखता गं?" तेवढ्यात लाइन गेली. उपकेंद्रात असताना तू गावोगाव फिरून तापाच्या रुग्णांच्या बोटाला सुई टोचून स्लाइड घेतल्यास, म्हणून तुला हे नीट सांगायचं आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली तेव्हा जीव वाचवायला लोक संयुक्त राष्ट्रांच्या तळाशी आले आणि ही छावणी उभी राहिली. २०२१ पासून पुराने वेढा घातला आहे. मातीच्या बांधांच्या आत लाखभर माणसं राहतात. रस्ते पाण्याखाली गेले की विमान आलं तरच सामान येतं आणि तपासणीचे नमुने बाहेर जातात. संडास कमी, पाणी घाण, त्यामुळे हिपॅटायटिस ई या यकृताच्या रोगाची साथ वारंवार येते. गरोदर बायकांच्या तो जिवावर उठतो. या रोगाची लस साथीत पहिल्यांदा वापरली गेली ती इथेच, २०२२ मध्ये.

ताप म्हटलं की आधी मलेरियाची पट्टी, म्हणजे रक्ताच्या थेंबावर होणारी झटपट चाचणी. पण औषधाने मलेरिया बरा झाला तरी पट्टी पुढे काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण परजीवी मेले तरी त्यांचं प्रथिन रक्तात उरतं. परवा दोन वर्षांची एक मुलगी आली. अंग भाजत होतं, पापण्या आतून पांढऱ्याफटक, दंड माझ्या अंगठ्याएवढा. पट्टी पॉझिटिव्ह. तिची आई सांगत होती, मलेरियाच्या गोळ्या नुकत्याच संपल्या. स्लाइडवर जाड थरात एकही परजीवी दिसला नाही. (तुमच्याकडे जेएसबी रंग असायचा ना, इथे गिम्सा वापरतात.) मग रक्त कल्चरला लावलं, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला पोषक द्रवाच्या बाटलीत घातलं.

सगळं हे रक्त घेतानाच ठरतं, आई. कातडी पुसायची आणि ती पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. बाटलीचं बूचही पुसायचं. मूल किंचाळत असतं, आई रडत असते, मागे रांग असते, तरी थांबायचं. नाहीतर कातडीवरचे जंतू बाटलीत जातात आणि नसलेल्या रोगावर औषध सुरू होतं. इतक्या लहान मुलाचं दोन-तीन मिलिलिटर रक्त मिळालं तरी पुष्कळ. बाटली ३५ अंशांवर ठेवायची आणि रोज उजेडात धरून बघायची.

दुसऱ्या दिवशी बाटली गढूळ झाली. थेंब काचेवर पसरून ग्रॅमचा रंग (जंतूंचे गट ओळखायचा) दिला, तर गुलाबी काड्याच काड्या, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह जंतू. मायक्रोस्कोपच्या भिंगावर क्लिपने मोबाइल बसवून वेगवेगळ्या जागांचे फोटो काढले. नाव नाही, फक्त लॅबचा नंबर टाकून ते पहाटे, नेटवर्क बरं असतं तेव्हा, दुसऱ्या देशातल्या आमच्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंना पाठवले. कधीकधी त्या लिहितात, "थर जाड आहे, रंग नीट उतरलेला नाही, पुन्हा करा." या खेपेला मात्र लगेच उत्तर आलं: ग्रॅम निगेटिव्ह काड्या नक्की, साल्मोनेलाची (टायफॉइडच्या जंतूंच्या कुळाची) शंका धरा. आफ्रिकेत कुपोषित, रक्त कमी असलेल्या आणि नुकता मलेरिया होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तात हे जंतू शिरतात. बऱ्याचदा जुलाबही नसतात, त्यामुळे लक्षणांवरून कळतच नाही. डॉक्टरांनी त्याच सकाळी सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली.

पुढचं काम कुठलं औषध चालेल ते बघायचं. म्युलर हिंटन अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या) प्लेटवर जंतू सारखे पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. रात्रभरात चकतीभोवती जिथे जंतू वाढत नाहीत तिथे स्वच्छ गोल पडतो आणि तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या फाउंडेशनने यासाठी 'अँटिबायोगो' नावाचं मोफत ॲप केलं आहे. प्लेटचा फोटो घेतला की ते गोल मोजतं, अर्थ लावायला मदत करतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. पण अगारची जाडी चार मिलिमीटर हवी, जंतूंचं द्रावण ठरल्याइतकंच गढूळ हवं. तिथे कमी-जास्त झालं तर ॲप चुकीचा गोलही बिनचूक मोजून देईल.

म्हणून 'आता यंत्रच निदान करतं' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. दूरच्या तज्ज्ञाला आपण दाखवू तेवढंच दिसतं. इथली नर्स आणि लॅबमधली इथल्याच न्यूर जमातीची दोन मुलं हीच खरी या कामाची माणसं आहेत. त्यातल्या एकाने मायक्रोस्कोप पहिल्यांदा इथेच पाहिला, आज तो माझ्याइतकी चांगली स्लाइड करतो. निधी आटला की कात्री आधी प्रशिक्षणाला लागते, आणि हे मला साफ चुकीचं वाटतं.

सगळंच फोटोवर भागत नाही. हिपॅटायटिसची पक्की खात्री करायला रक्त थंड पेटीतून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. विमान रद्द झालं की बर्फ बदलत बसायचं आणि वॉर्डातल्या गरोदर बाईकडे लक्ष ठेवायचं.

मुलीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट ती आता स्वतः हातात धरून खाते. इंजेक्शनं अजून चालू आहेत.

बाबांची साखरेची एचबीए१सी तपासणी या महिन्यात करून घ्या. रिपोर्टचा फोटो पाठव, पण सरळ धरून आणि उजेडात काढ. बाबांना साष्टांग नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुझी
सुमा