‘दिसणं’ या एका शब्दापायी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चेहऱ्याच्या आणि डोळ्यांभोवतीच्या सर्जरीवरचा लेख वाचला. कावसजी गाडीवानाची हकीकत आवडली. टिपूच्या लोकांनी कापलेलं त्याचं नाक पुण्याकडे एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून पुन्हा केलं आणि १७९४ मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं. पण पुढे पडलेल्या पापणीचं ऑपरेशन लेखात सुरकुत्या आणि डोळ्यांखालच्या पिशव्यांच्या रांगेत, म्हणजे नुसत्या रूपाच्या कामांत, बसवलं आहे. तिथे मी थांबले.

माझी मुलगी २००८ ची. जन्मापासून तिची डावी पापणी खाली पडलेली होती, बुबुळाचा काळा भाग अर्ध्याहून जास्त झाकलेला. चालायला लागली तशी ती हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून बघायची. आम्हाला कौतुक! पोरगी किती ऐटीत बघते म्हणायचो. पहिलीपर्यंतचा तिचा एकही फोटो नाही ज्यात मान सरळ आहे. ती ऐट नव्हती, पापणीच्या फटीतून बघायची तिची धडपड होती, हे मला फार उशिरा कळलं.

दोन वर्षांची असताना एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “काळजी करू नका, हे फक्त दिसण्याचं आहे. लग्नाआधी करून घ्या.” सासूबाईंनी विषयच मिटवला, “पोर मोठी व्हयनी का मंग देखसूत.” मीही गप्प बसले. आपल्या भाषेत ‘दिसणं’ म्हणजे रूपही आणि नजरही. डॉक्टर रूपाचं बोलले, मी रूपाचं ऐकलं, आणि नजरेचं कुणी विचारलंच नाही.

चौथीत शाळेत डोळे तपासले. उजवा डोळा झाकला तर तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही तिला सांगता येईना. बाईंना वाटलं, पोर मस्ती करते. धुळ्याला नेलं तेव्हा तिथल्या मॅडमनी समजावलं. डोळा आतून चांगला होता, पण पापणीमुळे त्याच्यात नीट चित्रच पोचलं नाही, म्हणून मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकलाच नाही. याला आळशी डोळा म्हणतात. हे शिकणं मुख्यतः सात-आठ वर्षांपर्यंत होतं. डोळ्याची बाहुली झाकलेली असेल तर पापणी लवकर उचलावी लागते, काही बाळांची तर वर्षाच्या आत. माझी पोर नऊ वर्षांची झाली होती.

ऑपरेशन सुरतेला केलं. पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा होता, म्हणून सिलिकॉनची बारीक दोरी कातडीखालून घालून पापणी कपाळाच्या स्नायूला जोडली. आता भुवई उचलली की पापणी उचलते. सुरुवातीला झोपेत डोळा पुरता मिटत नसे. रात्री दोनला उठून मी मोबाइलच्या उजेडात बघायची, पापणीखाली पांढरी रेघ दिसली की मलम घालायची, नाहीतर बुबुळ सुकून जखम होते. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावायचं, तेही दीड वर्ष केलं. पट्टी लावली की ती भिंत चाचपत मोरीकडे जायची. थोडी नजर आली, फार नाही. आता बारावीला आहे. दिसायला छान झाली, सगळे म्हणतात. त्या डोळ्याने तिला अजून पुस्तक वाचता येत नाही.

मी स्वतः अंगणवाडी सेविका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. चांगलं काम आहे, आमच्याच गावातल्या फाटलेल्या ओठाच्या बाळाला त्यांनीच पुढे पाठवलं. पण जन्मजात व्यंगांच्या यादीत फाटलेला ओठ-टाळू आहे, मोतीबिंदू आहे, पडलेली पापणी नावानिशी नाही. यादीत नाव असलं की विचारलं जातं. ते घालावं, अशी आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. तपासायला मशीन लागत नाही. मूल सारखी मान वर करून बघतं का, एक डोळा झाकला की चिडतं का, एवढं आईलाही कळतं.

आणि आयांनो, “मोठी झाल्यावर बघू” असं कुणीही म्हणो, अगदी डॉक्टर म्हणोत, तुम्ही एवढं विचारा: या डोळ्याची नजर तपासली का? पापणीवर ऑपरेशन करणारे डोळ्यांचे वेगळे सर्जन असतात, ऑक्युलोप्लास्टिक म्हणतात त्यांना. चेहऱ्यावरून वारं गेल्यावर ज्यांचा डोळा मिटत नाही, भाजल्यामुळे ज्यांची पापणी ओढली जाते, त्यांचाही डोळा हेच लोक वाचवतात.

संपादक साहेब, लहान मुलांच्या पापणीबद्दल एखाद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून अर्धं पान लिहून घ्या, चित्रासह. मी ते कापून अंगणवाडीत वजनाच्या तक्त्याशेजारी चिकटवीन. तिथे प्रत्येक आई महिन्यातून एकदा उभी राहते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. अमळनेर, जि. जळगाव