खांद्याला किती मार्क?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

साहेब, नमस्कार.

अक्षर पुतणीचं आहे, म्हणणं माझं. मी बीड जिल्ह्यातला. पंधरा हंगाम ऊस तोडला. सात वर्षांपूर्वी ट्रक भरताना फळीवरून मोळीसकट घसरलो, उजव्या खांद्यावर पडलो. मुका मार म्हणून वर्षभर तेल चोळलं. एमआरआय काढला तेव्हा कळलं, खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटून एवढी आत सरकली होती की ओढून शिवता येत नव्हती.

मग शहरातल्या डॉक्टरांनी पाठीवरच्या रुंद स्नायूची कंडरा दंडाच्या हाडावरून सोडवली आणि त्याच हाडाच्या डोक्याशी, वर मागच्या बाजूला बसवली. आयुष्यभर या स्नायूचं काम हात खाली ओढायचं. विहिरीतून पाणी शेंदताना तोच लागतो. आता त्यानंच हात वर न्यायचा. उजवीचा बैल डावीला जुंपल्यासारखं आहे हे. बैल तोच, पण शिकवावा नव्यानं लागतो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, “ठणका कमी होईल, हात वर जाईल, पण मोळी विसरा.” खरं बोलले. त्यांच्याविषयी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. सहा आठवडे पट्ट्यात हात, नंतर महिनोन्महिने व्यायाम. तालुक्याला फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा येणार होते. कधी यायचे, कधी नाही. एसटीचं भाडं मात्र दर वेळी लागायचं. शेवटी बायकोनं भिंतीशी उभं करून, हात जाईल तिथं कोळशानं रेघ मारायला सुरुवात केली. पहिली रेघ कमरेच्या वर चार बोटं. सहाव्या महिन्यात हनुवटीपर्यंत. वर्षानं डोक्यावर टोपी घालता आली. त्याच्या वर एकही रेघ नाही. घराला चुना दिला तरी तेवढी भिंत सोडली, कारण माझी फाईल तीच. रुग्णालयातली तिसऱ्या वर्षी मागितली, सापडली नाही.

पुतणी फिजिओथेरपी शिकते. तिनं सांगितलं, झुरिकच्या ख्रिश्चन गर्बर या डॉक्टरांनी हे ऑपरेशन 1988 साली मांडलं आणि 2013 साली जुन्या रुग्णांचा लेखाजोखा छापला. सरासरी बारा वर्षांनंतर 46 खांदे पुन्हा तपासले. चांगल्या खांद्याला 100 मार्क धरले तर तुमच्या खांद्याला किती, असं रुग्णालाच विचारलं. ऑपरेशनआधी सरासरी 29 होते, नंतर 70. खांद्याच्या समोरचा स्नायूही निकामी असेल तर निकाल कमी येतो, हेही अशा मोजणीतूनच पुढं आलं.

साहेब, त्या प्रश्नाला कुठलं यंत्र लागतं? फोनवर विचारता येतो, आशाताई दारात उभ्या राहून विचारू शकतात. आपल्याकडे ऑपरेशनं किती झाली ते मोजत असतील. हात किती वर गेले, ते मला तरी कोणी विचारलं नाही.

आमच्याकडची अडचण वेगळीच. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यावर जातात, गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. तपासणीची तारीख नेमकी मधली. माणूस आला नाही की “रुग्ण आला नाही” एवढंच लिहायचं. तो तेव्हा सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात फडात असतो, आणि बरेचदा त्याच हातानं मोळी उचलत असतो. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मुकादम थांबत नाही.

म्हणून मागणी एवढीच. तालुक्याला कायमचा फिजिओथेरपिस्ट द्या. तपासणीच्या तारखा हंगाम बघून ठरवा. आणि एक, दोन, पाच, दहा वर्षांनी प्रत्येकाला तो एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवा.

सुरुवात माझ्यापासून करा. ऑपरेशनआधी 20. आज 60. थंडीत 50 धरा.

आपला,
एक माजी ऊसतोड कामगार