आधी झाकण, मग हीटर

हॅनोव्हर, २० नोव्हेंबर

ती. दादा,
सा. नमस्कार.

हीटरचं कोटेशन मिळालं. भिलारच्या घरापुढं पाहुण्यांसाठी १० बाय ५ मीटरची पोहण्याची टाकी बांधलीस, ऐकून फार बरं वाटलं. पण हीटरचा ॲडव्हान्स अजून देऊ नकोस. इथल्या तलावाचे पंप नि बॉयलर ४ वर्षं सांभाळतेय, म्हणून हक्कानं सांगते: आधी झाकण घे.

आईचा माठ आठव. पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं, म्हणून तर ते गार लागतं. तुझी टाकी म्हणजे ५० चौरस मीटर तोंडाचा माठच. १ लिटर पाणी उडालं की साधारण ०.६७ युनिट उष्णता गेली. पातळी १ मिलिमीटर उतरली, तर ५० लिटर, म्हणजे ३३ युनिट. पठारावरच्या वाऱ्यात एका रात्रीत ५ मिलिमीटर उडालं, तर तेवढ्यानंच तुझं ७० हजार लिटर पाणी २ अंशांनी उतरेल. हीटर कितीही मोठा घे, ही गळती तशीच राहते.

स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर मल्चिंग पेपर आपण कशाला घालतो? तसंच बबल कव्हर, बुडबुडे खाली करून, रोज संध्याकाळी अंथरायचं. निम्म्याहून जास्त खर्च वाचू शकतो. सकाळी मात्र ते पूर्ण गुंडाळल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरू देऊ नकोस. अर्धवट झाकणाखाली मूल अडकलं तर वरून दिसत नाही. छोटीला हे नीट समजाव.

वाऱ्याच्या बाजूला कारवीचा कूड घाल. आपल्याकडं कूड घालणारी माणसं अजून आहेत, त्यांनाच बोलाव.

हीटर घेशील तेव्हा कॉइलचा नको, हीट पंप घे. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून तो १ युनिट विजेत ४ ते ५ युनिट उष्णता देतो, कडाक्याच्या थंडीत थोडी कमी. पाणी २७-२८ अंशांवर ठेव. पुढच्या एकेका अंशाला खर्च १० टक्के किंवा त्याहूनही जास्त वाढतो. २०२२ मध्ये गॅस महागला, तेव्हा इथल्या कितीतरी तलावांनी पाणी गार केलं, तरी लोक पोहायला येत राहिले. आबांनी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून आपल्याला विहिरीत सोडलं, तेव्हा कुठं होतं गरम पाणी!

फिल्टरचा पंप वेग बदलता येणारा घे. निम्म्या वेगात त्याला साधारण आठवा हिस्साच वीज लागते. जास्त वेळ चालवावा लागला तरी परवडतं.

एक काम लगेच कर. टाकीतलं पाणी भरून एक बादली पायरीवर, अर्धी बुडेल अशी ठेव. बादलीत नि टाकीत पाण्याच्या रेषेला खूण कर. २४ तासांनी दोन्ही सारख्याच उतरल्या तर पाणी उडतंय. टाकी जास्त उतरली तर कुठंतरी गळतंय, आणि मग गवंड्याला आधी बोलाव.

आकडे कळव. त्यावरून हीटर केवढा लागेल ते मी काढून देते. आई-आबांना नमस्कार, वहिनींना सांग, लोणचं पोचलं.

तुझी,
धाकटी