डेथ व्हॅलीला निघण्यापूर्वी

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "त्या चालणाऱ्या दगडांचे काय ठरले?" आणि मी कुकरची शिट्टी झाल्याचे सांगून फोन आईकडे द्यायला लावला. तेव्हापासून माझे मन मला खात आहे. समोरासमोर किंवा फोनवर हे मला नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहीत आहे. बाबा, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आपण कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीला तीन दिवस जात आहोत आणि फर्नेस क्रीक येथील खोल्यांचे आरक्षणही झाले आहे; परंतु ते दगड जिथे आहेत, त्या रेसट्रॅकच्या पटांगणावर मी तुम्हाला नेणार नाही. अनिकेतने आणि मी मिळून हे ठरवले आहे. तुम्हाला न विचारता ठरवले, याची क्षमा मागते.

ते दगड तुमच्यासाठी काय आहेत, हे मला ठाऊक आहे. २०१४ साली त्यांचे कोडे सुटल्याची बातमी आली, तेव्हा तुम्ही ते कात्रण आपल्या जुन्या लेव्हल बुकात, म्हणजे कालव्यांच्या मोजणीच्या वहीत, ठेवले आणि मला रात्री साडेअकराला फोन करून सगळे समजावून सांगितले होते. हिवाळ्यात त्या सपाट पटांगणावर उथळ पाणी साचते, रात्री त्यावर काचेसारखा पातळ बर्फ धरतो, सकाळच्या उन्हात तो तडकतो आणि अगदी मंद वाऱ्याने सरकणारे त्याचे मोठमोठे तुकडे दगडांना ओल्या चिखलावरून मिनिटाला काही मीटर या गतीने ढकलत नेतात. नॉरिस आडनावाच्या दोन चुलतभावांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, हे सांगताना तुमचा आवाज किती आनंदला होता. म्हणूनच नाही म्हणणे मला इतके जड जात आहे.

पण तिथे पोहोचायचे म्हणजे उबेहीबी विवरापासून पुढे सुमारे ४३ किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे, आणि त्यावरच्या टोकदार दगडांनी टायर फाटणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे. मागच्या मार्चमध्ये आम्ही दोघे तुमच्यासाठी रस्ता पाहून यावा म्हणून गेलो होतो. हे मी तुम्हाला सांगितले नव्हते, आता सांगते. अर्ध्या वाटेवर आमचा टायर फाटला, जादा चाक बसवताना जॅक खडीत रुतत राहिला, मोबाइलला रेंज नव्हती आणि तीन तासांत एकच गाडी आली. अनिकेत चाकापाशी वाकला होता आणि माझ्या मनात मात्र एकच विचार होता, की मागच्या सीटवर आत्ता बाबा असते तर? तुमच्या दोन स्टेंटना अजून दोन वर्षेही झालेली नाहीत. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आहे, हे मी विसरलेले नाही. पण त्यांनी डांबरी रस्त्यांच्या प्रवासाला दिली आहे, तासन्‌तास हाडे खिळखिळी करणाऱ्या धक्क्यांना नाही. त्या दिवशी परतताना मी मनाशी ठरवले, ते आजपर्यंत तुमच्यापासून लपवले, एवढीच माझी चूक.

आई, तू या जागेच्या नावालाच घाबरली आहेस, हे दादाने मला सांगितले. मृत्यूची दरी हे नाव ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. १८४९ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या मागे निघालेले काही लोक जवळची वाट शोधताना इथे अडकले आणि सुटका झाल्यावर त्यांनी हे नाव मागे ठेवले, असे सांगतात. पण टिंबिशा शोशोनी लोक त्यांच्या कितीतरी आधीपासून या दरीत राहत आले आहेत आणि आजही फर्नेस क्रीकला त्यांची वस्ती आहे. पूर्वी ते उन्हाळ्यात डोंगरावर जात आणि हिवाळ्यात दरीत उतरत, आणि आपणही हिवाळ्यातच जात आहोत. दादाने वाचलेला ५६.७ अंश तापमानाचा आकडा १० जुलै १९१३ चा आहे. जानेवारीत दिवसा १८-१९ अंश असतात आणि रात्री साधारण चार, म्हणजे आपल्या निफाडची थंडी समज.

पहिल्या दिवशी संध्याकाळ होण्याआधी आपण दांते व्ह्यूला जाऊ. बाबा, त्याची उंची १६६९ मीटर आहे. कळसूबाईहून २३ मीटर जास्त, आणि तिथे शिड्या चढायच्या नाहीत, गाडी अगदी वरपर्यंत जाते. मी सहावीत असताना कळसूबाईच्या शेवटच्या शिडीपाशी रडायला लागले, तेव्हा तुम्ही मला पाठुंगळी घेऊन वर नेले होते. त्या वेळी तुमच्या सदऱ्याला येणारा घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास मला अजून आठवतो. या खेपेला मी तुम्हाला वर नेते. समोर बर्फाने माखलेले टेलिस्कोप शिखर दिसेल आणि पायांखाली पांढरी दरी. वर वारा बोचरा असतो, दरीपेक्षा आठ-दहा अंशांनी तरी गार, त्यामुळे दोघांनीही कानटोपी घातल्याशिवाय गाडीचे दार उघडायचे नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना झब्रिस्की पॉइंट. चढ थोडासाच असला तरी खडा आहे, म्हणून सावकाश जायचे आणि बाबांनी मध्ये दोनदा थांबायचे. तिथल्या पिवळ्या घड्या म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या तळाशी बसलेला गाळ आहे. न्याहारीनंतर तुम्ही दोघे खोलीत आराम करा. दुपारी आर्टिस्ट्स ड्राइव्हने जाऊ. सुमारे १४ किलोमीटरचा एकेरी रस्ता आहे, हिरवे, गुलाबी, जांभळट डोंगर गाडीत बसूनही दिसतात, आणि ते रंग ज्वालामुखीच्या राखेतल्या खनिजांचे आहेत.

मात्र बॅडवॉटरला आपण भरपूर वेळ देणार आहोत, कारण ती जागा मला तुम्हा दोघांसाठीच असल्यासारखी वाटते. बाबा, उत्तर अमेरिकेतील सर्वांत खालची जमीन ती, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. आयुष्यभर कालव्यांच्या कडेने तुम्ही आर. एल., म्हणजे जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, लिहीत गेलात, उन्हाळ्याच्या सुट्टीत मला स्टाफ, म्हणजे मोजणीची पट्टी, धरून उभे केलेत आणि "हलवू नकोस, बाळा, अजून वाचतोय" असे म्हणत राहिलात. पण उणे आर. एल. तुमच्या वहीत एकदाही आला नसेल. वाहनतळापाशी उभे राहून मागे वळून पाहिले, की कड्यावर खूप उंच एक पांढरी पाटी दिसते आणि तिच्यावर "समुद्रसपाटी" अशा अर्थाची अक्षरे आहेत. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटले, की इथे माझ्या शेजारी बाबा उभे असायला हवे होते. तुमचे लेव्हल बुक सोबत आणा. जागेचे नावही एका मोजणीदारामुळेच पडले म्हणतात. त्याच्या खेचराने तिथले पाणी प्यायला तोंड लावले नाही, म्हणून त्याने नकाशावर "वाईट पाणी" असे लिहिले.

आणि आई, तिथे खाली सगळे मीठ आहे. डोंगरांवरून आलेल्या पाण्याला समुद्राकडे वाटच नाही, ते दरीत साचते, उन्हाने आटते आणि मीठ मागे राहते; उरणच्या आजोबांच्या मिठागरात होत असे तेच, फक्त इथे फळी ओढायला कोणी नाही. जवळून पाहिलेस तर त्या पांढऱ्या लादीच्या कडा वर उचललेल्या आणि चुरचुरीत दिसतील, पायाखाली करकर वाजतील, आणि तुला आजोबांच्या भेगाळलेल्या टाचा आठवतील. सुरुवातीला फळ्यांची सपाट वाट आहे, तिथे घडीची खुर्ची ठेवून तुला निवांत बसवीन. मीठ बघ, हातात घे, पण पर्समध्ये टाकू नकोस. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून नेण्यास मनाई आहे.

खोलीची काळजी करू नका. तळमजल्याची घेतली आहे, गुडघ्यांना जिना नको म्हणून. चहाची किटली, आले, साखर, गवती चहा मी इथून नेणार आहे. त्यामुळे उठल्याबरोबर चहा मिळेल. खजुराच्या झाडांखाली सकाळी फिरता येईल. रुग्णालय उद्यानात नाही, पण सुमारे तासाभराच्या अंतरावर पाहरम्प गावी आहे आणि तो रस्ता आम्ही पाहून ठेवला आहे. बाबांच्या गोळ्या दोन जागी विभागून ठेवा, अर्ध्या आईच्या पर्समध्ये. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणा. नवे बूट विमानतळावर पहिल्यांदा घालू नका, आजपासून रोज घरात घालून फिरा. पाणी तहान लागेपर्यंत थांबून नव्हे, मी देईन तेव्हा प्यायचे. आणि आई, बाबांना गुळाच्या पोळ्या दोनच, तिसरी मागितली तरी नाही.

तिसऱ्या दिवशी आपण उबेहीबी विवर पाहायला जाऊ. वर येणारा तप्त शिलारस जमिनीतल्या पाण्याला भिडला आणि स्फोट होऊन जवळजवळ पाऊण किलोमीटर रुंदीचा तो खळगा पडला. तो गाडीतून उतरल्याबरोबर दिसतो आणि तिथपर्यंत रस्ता डांबरी आहे. रेसट्रॅकचा कच्चा रस्ता तिथूनच सुटतो. बाबा, तो तुम्हाला दिसेल. मी आधी ठरवले होते, की उबेहीबीही वगळावे, म्हणजे तुम्हाला वाईट वाटायला नको. पण तुमच्यापासून तो लपवणे मला योग्य वाटले नाही. तुम्हाला हवा तितका वेळ आपण तिथे उभे राहू. मग मी गाडी वळवीन, आणि तुम्ही पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसा.

दोघांनाही साष्टांग नमस्कार. उत्तर आईने लिहिले तरी चालेल, पण खाली बाबांच्या अक्षरात एक ओळ हवी.

तुमची,
मनू