माझ्या सुतकात बँड सांभाळणाऱ्यांचे आभार

वैशाखात वडील गेले. ऐन लग्नसराई, सुपाऱ्या आधीच घेतलेल्या, इसारही खर्चून बसलेला. मी क्लॅरिनेट वाजवतो. आमच्या बँडमध्ये गाण्याची चाल तीच उचलते. मी सुतकात घरी, आणि शेजारच्या तालुक्यातला एक वादक आमच्या वरातीत उभा राहिला. माझा लाल कोट त्याला चांगलाच आखूड, तरी घातला. पैसे घेतले नाहीत, रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी, तेवढी मागून घेतली! लग्नघरच्यांनी आमच्या गल्लीतून जाताना वाजप थांबवलं, आणि ठरलेली रक्कमही कापली नाही. सरणाची लाकडं कोणी आणली, हे अजून कोणी कबूल करत नाही. दहाव्यानंतरच्या पहिल्या हळदीत माझा दम पुरेना, तेव्हा वरचे सूर मागच्या ट्रम्पेटवाल्याने उचलले. सगळ्यांचे मनापासून आभार. कोणाची तारीख अडली तर निरोप धाडा, क्लॅरिनेट घेऊन येतो.