बाबांच्या शस्त्रक्रियेआधी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण नाशिकला करायचे नक्की झाले हे कळले आणि बरे वाटले. शस्त्रक्रियेविषयी आणि खर्चाविषयी डॉक्टरांनी तुम्हांला सगळे समजावले आहे, तेव्हा ते मी पुन्हा लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते तिथल्या सिस्टरांशी दिवसरात्र जे बोलणे होईल त्याविषयी. आमच्या कामात इंजेक्शन आणि सलाईन लोकांना दिसते, पण रुग्णाला बोलते करणे आणि त्याचे ऐकून घेणे हाही उपचारच असतो. बाबांचा स्वभाव मला ठाऊक आहे. कोणी काहीही विचारले तरी ‘बरे आहे’ म्हणून ते विषय मिटवतात, आणि रुग्णालयात नेमके तेच चालत नाही.

दाखल झाल्यापासून प्रत्येक पाळीची सिस्टर बाबांना त्यांचे पूर्ण नाव विचारेल. कोणत्या पायाची शस्त्रक्रिया आहे, कशाची ॲलर्जी आहे का, हेही विचारेल, आणि शस्त्रक्रियागृहात भूल देण्याआधी तेच प्रश्न पुन्हा येतील. यांना एवढेही माहीत नाही का, असे वाटून बाबा, कृपया चिडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी एक तपासणी यादी तयार केली आणि तिची सुरुवातच रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा आणि संमती यांची खात्री करण्यापासून होते. उत्तर कागदावर असले तरी ते तुमच्या तोंडून यावे लागते. आई, त्या वेळी तू मध्येच उत्तर देऊ नकोस, त्यांनाच बोलू दे.

शस्त्रक्रियेनंतर सिस्टर विचारेल, ‘शून्य ते दहा यांत तुमचे दुखणे किती?’ शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तितके असह्य. बाबा दात आवळून ‘दोन-तीन’ म्हणतील याची मला खात्री आहे. सोसणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो, पण गुडघ्याच्या या शस्त्रक्रियेनंतर बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करून चालवतात आणि पाय वाकवायचा व्यायाम सुरू होतो. दुखणे दाबून ठेवलेला माणूस तो व्यायाम टाळतो आणि गुडघा आखडतो. वेदना शिगेला पोहोचल्यावर औषधाला ती आवरायला वेळ लागतो, म्हणून वाढू लागली की तेव्हाच सांगायचे. पोटरी दुखू लागली किंवा सुजली, छातीत दुखले, दम लागला, तर मध्यरात्र असली तरी बेल दाबायची. सिस्टरची झोपमोड होते असे मुळीच समजू नका, ती त्यासाठीच जागी असते.

सांगितल्याने काय होते, हे मी माझ्या वॉर्डात पाहिले आहे. मधुमेहामुळे पाय सडलेले एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे होते. पाय काढल्याशिवाय जीव वाचणार नव्हता, पण संमतीच्या कागदावर ते अंगठा द्यायला तयार नव्हते. मुलगा, जावई, शेजारच्या खाटेवरचे पेशंट, सगळे एकच सांगत होते, ‘काही होत नाही, काका, घाबरू नका.’ ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ते आपल्याच भागातले, अहिराणी बोलणारे निघाले. दुपारी नातेवाईक बाहेर गेल्यावर मी त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले आणि आपल्या घरच्या बोलीत विचारले की त्यांना सगळ्यांत जास्त काळजी कशाची वाटते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणे फार कठीण असते, कारण हातातली कामे डोळ्यांपुढे नाचत असतात. मग त्यांनी चादरीखालून पायाकडे हात केला आणि विचारले, ‘कापल्यावर हा कुठे टाकता?’ शस्त्रक्रियेची भीती त्यांना नव्हतीच. शरीराचा तो भाग उकिरड्यावर पडेल, कुत्री ओढतील, हे त्यांना सहन होत नव्हते. मी इनचार्ज सिस्टरांशी बोलून आले आणि काकांना खरे तेच सांगितले, की तो वेगळ्या पिवळ्या पिशवीत बंद करून आमच्याकडून जाळायला जातो, कचऱ्यात टाकत नाहीत. ते म्हणाले, ‘म्हणजे अग्नी मिळतो. मग आणा कागद.’

म्हणून आई, बाबांजवळ बसलीस की ‘काही होणार नाही’ हे वाक्य शक्यतो म्हणू नकोस. तू ते मायेनेच म्हणशील, पण ते ऐकल्यावर माणसाला पुढे काही बोलता येत नाही, त्याची भीती जिथल्या तिथे राहते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिताना रोग्याला पोकळ धीर देणाऱ्यांवर एक अख्खे प्रकरण खर्ची घातले. रोग्याच्या नजरेसमोर बसून बोलावे, त्याला मान वळवायला लावू नये, दाराबाहेर कुजबुजू नये, हेही त्यांनीच बजावले. त्या कुजबुजीचा त्रास मी रोज पाहते. तुम्हांला डॉक्टरांशी काही बोलायचे असेल तर बाबांसमोर बोला, नाहीतर पार लांब जाऊन बोला.

पहिल्या दिवशी सिस्टर आणि तुम्ही एकमेकांना अनोळखी असाल. अमेरिकेच्या परिचारिका हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ साली परिचर्येचा सगळा विचारच सिस्टर आणि रुग्ण यांच्या नात्यावर उभा केला आणि त्याची सुरुवात दोन अनोळखी माणसांच्या भेटीपासून होते असे मांडले. विश्वास बसायला वेळ लागेल, पण काही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगाव्या लागतील. बाबा, तुमची तंबाखू, वैद्यांचे चूर्ण आणि रक्त पातळ होण्याची गोळी, यांतले काहीही लपवू नका. चांगली सिस्टर जाब विचारत नाही. ‘गोळी का चुकवली?’ असे म्हणण्याऐवजी ‘गोळी घ्यायला काय अडचण येते?’ असे ती विचारेल. एखादीने रागावून विचारलेच, तरी उत्तर मात्र खरे द्या, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय त्यावर ठरतो. एखादी सिस्टर केरळची असेल आणि तिचे मराठी तुटक असेल. तिच्याशी सावकाश बोला, पण बोलणे टाळू नका.

बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येते आणि मास्क लावलेल्या माणसाचे ओठ दिसत नाहीत, हे पहिल्याच सिस्टरला सांगून केसपेपरवर लिहून घ्या. चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी असू द्या. या वयात शस्त्रक्रियेनंतर एखाद्या रात्री माणूस गोंधळतो, भलतेच बोलतो, सलाईन ओढतो. तसे झाले तर आई, घाबरू नकोस आणि त्यांना रागावूही नकोस. लगेच सिस्टरला बोलाव आणि ती येईपर्यंत चष्मा लावून, दिवा लावून, शांतपणे सांगत राहा की आज अमुक वार आहे, आपण नाशिकला दवाखान्यात आहोत, मी इथेच आहे.

मी रजा टाकली आहे आणि दाखल व्हायच्या आदल्या दिवशी थेट नाशिकला पोहोचेन. रक्त पातळ होण्याची गोळी कधी थांबवायची, हे मात्र माझी वाट न पाहता उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि मनात येतील ते प्रश्न बाबांनी त्यांच्या डायरीत लिहून ठेवावेत.

तुमची लेक